मधली चार घरं मोकळी सोडणारा डाव

आजचा भाग ऐकताना जमलं तर फोनवर एक रिकामा पट उघडून ठेवा. चेस डॉट कॉमचा असो, लिचेसचा असो, काहीही चालेल. बसमध्ये असाल तर राहू द्या, मी सांगतो तसं डोळ्यांसमोर आणा.

सुरुवात आपल्या गावापासून. जळगावात आता बुद्धिबळाचं बऱ्यापैकी वातावरण आहे. जैन हिल्सवर राष्ट्रीय पातळीवरच्या स्पर्धा झाल्यात, शेजारच्या नाशिकचा विदित गुजराथी २०२४ मध्ये टोरंटोला कँडिडेट्स खेळून आला, आणि जुलै २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातल्या बातुमीत महिलांचा वर्ल्ड कप जिंकला. त्यामुळे पोरं क्लासला जातात. आणि कुठल्याही क्लासमध्ये गेलात तरी पहिला धडा एकच असतो. मधली चार घरं ताब्यात घ्या. डी-४, ई-४, डी-५, ई-५. प्यादी तिथे नेऊन बसवा, मग घोडे काढा, मग उंट, मग किल्लेकोट. हा धडा चूक नाही. नव्याने शिकणाऱ्याला हाच शिकवायला हवा.

पण पटाच्या कडेने सुरुवात करणारे डावही आहेत. पहिली चाल घोडा एफ-३. किंवा प्यादं सी-४. किंवा बी-३. मधली घरं मोकळी सोडायची, समोरच्याला तिथे येऊ द्यायचं आणि दोन्ही बगलांमधून त्याच्यावर तोफा रोखून ठेवायच्या. याला फ्लँक ओपनिंग म्हणतात. फ्लँक म्हणजे बगल, सैन्याची बाजू. उंटाला घोड्यापुढच्या प्याद्याच्या मागे, बी-२ किंवा जी-२ वर बसवतात त्याला फियांकेटो म्हणतात. तो इटालियन शब्द आहे आणि त्याचाही अर्थ छोटी बगल असाच.

आपल्याकडच्या माणसाला समजेल असं सांगतो. भुसावळ जंक्शन घ्या. जंक्शनवर ताबा मिळवायचे दोन मार्ग आहेत. एक, आपल्या गाड्या सगळ्या प्लॅटफॉर्मवर आणून उभ्या करायच्या. दोन, प्लॅटफॉर्म मोकळे ठेवायचे, पण नागपूर, इटारसी आणि मुंबई या सगळ्या बाजूंचे सिग्नल आपल्या हातात ठेवायचे. गाडी कोणाचीही येऊ दे, ती थांबणार की सुटणार हे आपण ठरवणार. फ्लँक ओपनिंग हा दुसरा मार्ग.

आज मला एका डावाबद्दल बोलायचंय, आणि त्याच्या शेपटीला अजून दोन डाव आहेत. तिन्हींत एक प्रश्न लपलेला आहे: ही बगलेची कल्पना नक्की कोणाची?

न्यूयॉर्क, २२ मार्च १९२४

हॉटेल अलामॅक. जगातले अकरा नामांकित खेळाडू, प्रत्येकाशी दोनदा खेळायचं. त्यात सगळ्यांचं लक्ष एका माणसाकडे, होझे राऊल कापाब्लांका. क्युबाचा. १९२१ मध्ये हवानाला इमॅन्युएल लास्करला हरवून जगज्जेता झालेला. १९१६ नंतर हा माणूस एकही डाव हरला नव्हता. आठ वर्षं! लोक त्याला बुद्धिबळाचं मशीन म्हणायचे, आणि तेव्हा मशीन म्हणणं हे कौतुक होतं, चीटिंगचा आरोप नव्हता.

पाचवी फेरी. समोर पांढरे मोहरे घेऊन बसला रिचर्ड रेटी. उच्चार खरं तर रेतीच्या जवळ जातो, पण तापीची रेती आठवू नये म्हणून मी रेटीच म्हणणार. जन्म १८८९, आज स्लोव्हाकियात असलेल्या पेझिनोक गावचा. वय ३४. बुद्धिबळावर पुस्तक लिहिलेला, विचार करणारा माणूस. त्याच्या गटातल्या लोकांना, म्हणजे रेटी, निमझोविच वगैरेंना, टार्टाकोवर नावाच्या दुसऱ्या ग्रँडमास्टरने हायपरमॉडर्न असं नाव दिलं होतं. अति-आधुनिक. थोडं टिंगलीत, थोडं मनापासून. हा टार्टाकोवरही त्याच स्पर्धेत खेळत होता, आणि त्याच आठवड्यात तो ब्रॉंक्सच्या प्राणिसंग्रहालयात जाऊन तिथल्या सुसान नावाच्या ओरांगउटानला भेटून आला आणि पहिल्याच चालीला प्यादं बी-४ वर ढकलून मोकळा झाला. त्या ओपनिंगला आजही ओरांगउटान म्हणतात. सांगायचा मुद्दा, त्या हॉटेलात बगलेचं वारं सुटलेलं होतं.

पण गंमत वेगळी आणि कापाब्लांकाला हरवणं वेगळं.

रेटीची पहिली चाल, घोडा एफ-३. मधे काही नाही. कापाब्लांकानेही घोडा काढला. मग रेटीचं प्यादं सी-४. मग बी-४, म्हणजे डावीकडून दुसरं प्यादं दोन घरं पुढे. मग उंट बी-२. मग जी-३, उंट जी-२, किल्लेकोट. आठव्या चालीला डी-३, एकच घर. आता पट बघा. पांढऱ्याचे दोन्ही उंट दोन कोपऱ्यांजवळ बसलेत आणि तिरप्या रेषेत पूर्ण पटावर नजर ठेवून आहेत. मधे पांढऱ्याचं काहीच नाही. कापाब्लांकाने काय केलं? कोणताही शहाणा माणूस करील तेच. नवव्या चालीला ई-५. मधली जागा मोकळी आहे ना, मग घेतो मी. पुढे सी-५ सुद्धा.

रेटीने बी प्यादं अजून पुढे, बी-५ वर सरकवलं. मग ई-३. आणि सोळाव्या चालीला, पहिल्यांदा, प्यादं डी-४.

इथे जरा थांबा. पंधरा चाली मधे पाऊल न टाकणारा माणूस सोळाव्या चालीला मधे येतो. का? कारण आता समोरच्याची प्यादी तिथे येऊन बसलीत, त्यांना हलता येत नाही, आणि त्यांच्यावर सगळीकडून नेम धरलेला आहे. क्लासमध्ये मधली घरं मोकळी सोडू नका असं सांगतात तेव्हा त्यात हे गृहीत असतं की सोडणारा विसरलाय. रेटी विसरला नव्हता. वाट बघत होता.

त्यानंतर झपाट्याने मारामारी झाली. मधली प्यादी कटली. कापाब्लांकाच्या वजिराने विसाव्या चालीला सी-४ वरचं प्यादं खाल्लं. वरवर बघता फुकटचं प्यादं. पण रेटीने आपल्या उंटाने जी-७ वरचा उंट मारला, काळ्या राजाला तो घ्यावा लागला, आणि पांढरा वजीर बी-२ वर येऊन त्याच जुन्या तिरप्या रेषेवरून शह देऊन बसला. म्हणजे उंट गेला तरी रेषा तीच, फक्त पहारेकरी बदलला. राजा मागे सरकला आणि रेटीच्या हत्तीने डी-६ वरचं प्यादं उचललं. प्याद्यांचा हिशोब बरोबरीत आला, पण डी पट्टी पूर्ण रेटीची.

यापुढचं चित्र मला या डावात सगळ्यात आवडतं. काळा वजीर एकटा पटभर हिंडतोय. सी-४ वरून सी-५, तिथून एच-५, तिथून ई-५, परत सी-५. प्रत्येक वेळी त्याला कोणीतरी हाकलतंय, बहुतेकदा घोडा. रेटीचे दोन घोडे त्याच्या मागे लागलेत. आणि एकतिसाव्या चालीला रेटीने मागचा हत्ती डी-५ वर ठेवला. वजिरावर हल्ला. आता काळ्या वजिराला पटावर एकही सुरक्षित घर नाही. एकेक घर तपासून बघा, सगळीकडे मरण. कापाब्लांकाने डाव सोडला.

आठ वर्षांनंतर पहिला पराभव. न्यूयॉर्कच्या पेपरांत मोठी बातमी झाली. त्या दिवसापासून घोडा एफ-३, प्यादं सी-४ या सुरुवातीला रेटी ओपनिंग हे नाव कायमचं चिकटलं.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, कारण रील्समध्ये ती कोणी सांगत नाही. त्याच स्पर्धेत रेटीने हीच सुरुवात म्हाताऱ्या लास्करविरुद्धही केली. लास्कर तेव्हा ५५ वर्षांचा. त्याने प्यादी डी-५ आणि सी-६ वर घट्ट बसवली, उंट बाहेर एफ-५ वर काढला, काहीही अति केलं नाही आणि रेटीला हरवलं. ती स्पर्धाही लास्करनेच जिंकली, २० पैकी १६ गुण. कापाब्लांका दुसरा, साडेचौदा. रेटी पाचवा. म्हणजे बगलेची सुरुवात ही काही जादू नव्हती. आणि पुढे १९७० मध्ये बेलग्रेडला डेन्मार्कच्या बेंट लार्सनने स्पास्कीविरुद्ध पहिलीच चाल बी-३ केली आणि सतरा चालींत गारद झाला. जगभरचे दिग्गज बघत होते. बगलेवर बसणाऱ्याने जरा आळस केला की मधून गाडी सरळ अंगावर येते.

कलकत्ता, १८५५

बरं, आता प्रश्नाकडे. रेटी आणि त्याचे मित्र आम्ही नवीन विचार आणला म्हणत होते. त्याच काळात काळ्याच्या बाजूने असाच खेळ, म्हणजे मधे न येता घोडा एफ-६ वर काढायचा आणि उंट कोपऱ्यात बसवायचा, रूढ झाला. त्याला नाव काय पडलं? किंग्ज इंडियन. क्वीन्स इंडियन. तुमच्या ॲपमध्ये ओपनिंगचं नाव दिसतं तिथे दिवसातून दहा वेळा इंडियन शब्द येतो. का येतो, असा प्रश्न पडलाय कधी?

त्यासाठी सत्तर वर्षं मागे जाऊ. कलकत्त्यात जॉन कॉक्रन नावाचा स्कॉटिश बॅरिस्टर होता, लंडनमध्ये नाव कमावलेला तगडा खेळाडू. त्याला कलकत्त्याबाहेरच्या गावात राहणाऱ्या एका ब्राह्मणाबद्दल कळलं, जो म्हणे कोणाकडूनच हरत नाही. मोहेशचंद्र बॅनर्जी. इंग्रजी मासिकांत त्याचं नाव कधी मोहिशुंदर, कधी मोहेशचुंदर असं छापलंय, धड एकदाही नाही. दोघांनी शेकडो डाव खेळले. कॉक्रनने ते लिहून ठेवले म्हणून आज आपल्याला बघायला मिळतात.

१८५५ चा एक डाव आहे. कॉक्रन पांढरा. डी-४, मोहेशचंद्र घोडा एफ-६. सी-४, तर जी-६. घोडा सी-३, तर डी-५. पुढच्या चालीला उंट जी-७. बुद्धिबळ खेळणाऱ्यांनी ओळखलं असेल, हा ग्रुनफेल्ड डिफेन्स आहे. अर्न्स्ट ग्रुनफेल्ड नावाच्या व्हिएन्नाच्या खेळाडूने तो १९२२ मध्ये खेळला आणि नाव त्याचं लागलं. मोहेशचंद्र त्याच्या ६७ वर्षं आधी खेळून गेला होता.

तो डाव मोहेशचंद्र हरला, हेही सांगतो. आणि काय हरला! कॉक्रनने घोडा एफ-७ वर घुसवला, काळ्याने दुर्लक्ष करून वजिरावर घोडा टाकला, मग दुहेरी शह, मग वजिराचा बळी, आणि घोड्याने कोंडलेल्या राजाला मात. बघायला इतका सुंदर डाव आहे की हरणाऱ्यालाही दाद द्यावीशी वाटते. पण सुरुवातीत त्याच्यात काही खोट नव्हती. ती आजही जगज्जेते खेळतात.

मग मोहेशचंद्रने हे कुठे शिकलं? कुठल्याही पुस्तकात नाही. त्याचं उत्तर आपल्या जुन्या पटात आहे.

जुना पट

तुमच्या घरात ऐंशीच्या आसपासचे आजोबा असतील आणि ते पारावर बुद्धिबळ खेळलेले असतील तर त्यांना विचारा. ते कदाचित वेगळेच नियम सांगतील. प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर. किल्लेकोट नाही, पण राजाला शह बसायच्या आधी एकदा घोड्यासारखी उडी मारता येते. प्यादं शेवटच्या घरात पोचलं की वजीर होत नाही, ज्या पट्टीत पोचलं त्या पट्टीचा मोहरा होतो. शेवटी प्याद्याने मात दिली तर त्याची शान वेगळी. गावागणिक बारीकसारीक फरक, पण हा ढाचा देशभर सापडायचा.

यातला पहिला नियम लक्षात घ्या. प्यादं एकच घर. म्हणजे ई-४ ला पोचायला दोन चाली. दोन्ही सैन्यं एकमेकांना भिडायला वेळ लागतो. आणि तेवढ्यात तुम्ही काय कराल? मागे आपली रचना लावाल. जी-३ ला एकच घर पुरतं, मग उंट जी-२. बी-३, उंट बी-२. बगलेत उंट बसवणं इथे कोणाचं तत्त्वज्ञान नव्हतं, नियमातूनच आलेली सवय होती. भारतीय खेळाडू इंग्रजांशी युरोपियन नियमांनी खेळायला बसले तेव्हा ती सवय सोबत घेऊन बसले. समोरच्याला वाटलं, हा माणूस मधे येतच नाही, विचित्रच खेळतो.

हे नियमांचं बदलणं आपल्या मुंबईतही सुरू होतं. १८१४ मध्ये मुंबईत बुद्धिबळावर एक इंग्रजी पुस्तक छापलं गेलं. मूळ संस्कृत, आणि भाषांतर करणारे त्रिवेंगडाचार्य शास्त्री. पुस्तकाच्या नावातच लिहिलंय की यातली कूटं युरोपियन पद्धतीच्या खेळाला जुळवून घेतली आहेत. म्हणजे पेशवाई अजून चार वर्षं उरली होती तेव्हाच एक शास्त्रीबुवा आपला पट त्यांच्या पटात बसवून देत होते. मला हा माणूस फार आवडतो. त्याच्याबद्दल स्वतंत्र भाग करायला हवा.

मराठी मुलखाचा या खेळातला धागा त्याहून जुना आहे. पैठणहून काशीला गेलेल्या भट्ट घराण्यातल्या नीलकंठ भट्टांनी सतराव्या शतकात संस्कृतात नीतिमयूख लिहिला. राजनीतीचा ग्रंथ, आणि त्यात बुद्धिबळाचं प्रकरण. एकाच घोड्याने पटावरच्या चौसष्ट घरांवर प्रत्येकी एकदा पाय ठेवायचा, हे कोडंही त्यात आहे.

आता इथे मला भांडायचंय. तुमच्या फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड येईल: युरोपने चोरलं, सगळं आधी आपल्याकडेच होतं. हे मला पटत नाही. सवय असणं आणि ती का चालते हे सांगता येणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या पारावरच्या खेळाडूला प्यादं दोन घरं ढकलायची मुभाच नव्हती. रेटीला होती. त्याने हात आवरला, का आवरला ते लिहून ठेवलं, आणि मग जगज्जेत्यासमोर बसून दाखवलं. श्रेय त्याचं आहेच. पण याची उलट बाजूही तेवढीच खरी. इंडियन हे नाव त्या सुरुवातींना लागलं आणि त्यात मोहेशचंद्र कुठेच उरला नाही. ग्रुनफेल्डचं आडनाव लागलं, रेटीचं लागलं, लार्सनचं लागलं. आपल्या माणसांच्या वाट्याला नुसतं देशाचं नाव. एक माणूस खेळला तर सिद्धांत, आणि दुसरा खेळला तर त्याच्या देशाची खासियत. हे मात्र मला खटकतं.

हेस्टिंग्ज, हिवाळा १९३०-३१

तिसरा डाव. रेटी आता जगात नाही, १९२९ च्या जूनमध्ये प्रागला स्कार्लेट फीव्हरने गेला, वय ४०. कापाब्लांका आता माजी जगज्जेता, पण तरी कापाब्लांकाच. इंग्लंडच्या किनाऱ्यावर हेस्टिंग्जला नाताळातली स्पर्धा. समोर पांढरे मोहरे घेऊन बसलाय मीर सुलतान खान.

पंजाबातल्या सरगोध्याकडचा. लहानपणापासून देशी नियमांनी खेळलेला. सर उमर हयात खान या जमीनदाराने त्याला हेरलं, १९२८ मध्ये दिल्लीत अखिल भारतीय स्पर्धा त्याने जिंकली, पुढच्या वर्षी मालकासोबत लंडनला गेला आणि काही महिन्यांत ब्रिटिश चॅम्पियन झाला. पुढे १९३२ आणि १९३३ लाही. त्याच घरातली फातिमा नावाची बाई १९३३ मध्ये ब्रिटिश महिला चॅम्पियन झाली, तिचं नाव तर आणखीनच कमी लोकांना माहीत असतं. सुलतान खान निरक्षर होता असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं सापडेल. त्याच्या कुटुंबातल्यांनी ते ठामपणे नाकारलंय. अडाणी नोकर आणि दैवी प्रतिभा ही गोष्ट विकायला सोपी असते, म्हणून ती टिकते.

तर हेस्टिंग्ज. सुलतान खानची पहिली चाल, घोडा एफ-३.

तीच. सहा वर्षांपूर्वी रेटीने केली होती तीच.

दुसऱ्या चालीला मात्र त्याने डी-४ केलं, त्यामुळे हा पुढे रेटीसारखा निव्वळ बगलेचा डाव राहत नाही. आणि कापाब्लांकाने उत्तर म्हणून जे लावलं ते काय होतं? उंट बी-७ वर, बगलेत. क्वीन्स इंडियन! भारतीय माणसासमोर क्युबाचा माणूस इंडियन खेळतोय आणि भारतीय माणूस रेटीच्या घोड्याने सुरुवात करतोय. कोणाचं काय, हे या एका पटावर पार मिसळून गेलंय.

डावाचं मधलं चित्र सांगतो. प्यादी एकमेकांत अडकली, पट बंद झाला. पांढऱ्याचा राजा किल्लेकोट न करता मधेच. विसाव्या चालीनंतर कापाब्लांकाने दोन्ही हत्ती सी पट्टीतून आत घुसवले, शहावर शह. सुलतान खानने शांतपणे वजीर देऊन ते दोन्ही हत्ती घेतले. राजा स्वतः सी-२ वर जाऊन दुसरा हत्ती मारून आला. आता कापाब्लांकाकडे वजीर, सुलतान खानकडे दोन हत्ती.

मोकळ्या पटावर वजीर भारी पडतो. पण हा पट बंद होता. वजिराला आत शिरायला वाटच नाही. मग सुरू झालं ते चाळीस चालींचं दळण. काळा वजीर एच-३ वर जातो, एच-४ वर येतो, परत एच-३. सुलतान खान घाई करत नाही. राजा हळूहळू डावीकडे नेऊन सुरक्षित ठेवतो, हत्ती एकामागे एक लावतो, प्यादं बी-५ वर सरकवतो. त्रेपन्नाव्या चालीला हत्ती सी-६ वर शिरतो. एकसष्टाव्या चालीला बी-६ चं प्यादं पडतं. मग स्वतःचं बी प्यादं धावायला लागतं. पासष्टाव्या चालीला हत्ती बी-८, आणि कापाब्लांकाने डाव सोडला.

१९२४ मध्ये त्याचा वजीर पटभर पळत होता आणि त्याला घर नव्हतं. इथे वजिराला घर होतं, पण कुंपणाबाहेर. दोन्ही वेळा त्याचा सगळ्यात ताकदवान मोहरा एकटा पडला. मला वाटतं पारावर खेळलेल्या माणसाला अशा बंद, संथ पटाची भीतीच वाटत नसणार. तिथे सगळेच डाव असे असायचे.

स्पर्धेत युवे पहिला आला, कापाब्लांका दुसरा, सुलतान खान तिसरा. कापाब्लांकाने पुढे त्याच्याबद्दल लिहिताना प्रतिभा हा शब्द हात न आखडता वापरला. कापाब्लांका आयुष्यभरात मोठे होऊन जेमतेम पस्तीसेक डाव हरला, त्यातले हे दोन.

डिसेंबर १९३३ मध्ये मालक परत निघाला, सुलतान खानही निघाला, आणि स्पर्धांचं बुद्धिबळ तिथेच संपलं. १९५० मध्ये जागतिक संघटनेने ग्रँडमास्टर ही पदवी अधिकृतपणे द्यायला सुरुवात केली, जुन्या मोठ्या खेळाडूंनाही मागे वळून दिली, पण त्याला नाही. १९६६ मध्ये तो सरगोध्यात वारला. फाळणीनंतर ते गाव पाकिस्तानात. २०२४ मध्ये, म्हणजे रेटीच्या त्या डावाला शंभर वर्षं होत होती त्याच वर्षी, फिडेने त्याला मानद ग्रँडमास्टर केलं.

आता फोनवर पट उघडा असेल तर घोडा एफ-३ खेळून बघा. खाली नाव येईल, बहुतेक रेटी किंवा झुकरटोर्ट. समोरच्याने घोडा एफ-६ केला आणि पुढे बी-६, उंट बी-७ वर गेला तर क्वीन्स इंडियन. जी-६, उंट जी-७ गेला तर किंग्ज इंडियन. डी-४, सी-४ वर जी-६ नंतर डी-५ मारलं तर ग्रुनफेल्ड. तिथे मोहेशचंद्रचा १८५५ चा डाव डेटाबेसमध्ये शोधा, सापडतो. अठराव्या चालीला, एफ-७ वर घोडा आल्यावर, काळ्याने वजिरावर घोडा टाकण्याऐवजी दुसरं काय करायला हवं होतं ते इंजिन बंद ठेवून बघा आणि कमेंटमध्ये लिहा, भो.